प्लॉट घेण्याआधी झोन कसा वाचायचा

"साहेब, येलो झोन आहे, डोळे झाकून घ्या." प्लॉट बघायला गेलेल्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. ते खोटं असेलच असं नाही. जमीन आराखड्यात खरोखर पिवळ्या, म्हणजे रहिवासाच्या रंगात असेल. पण त्याच पिवळ्यावरून अठरा मीटरचा नियोजित रस्ता जात असेल, कोपऱ्यात बागेचं आरक्षण पडलेलं असेल, मागच्या बांधाला नदीची निळी पूररेषा चाटून गेलेली असेल. एजंट रंग सांगतो. त्या रंगावर आणखी काय काय आखलंय, ते आपणच विचारायचं असतं.

महाराष्ट्रात पहिल्यांदाच प्लॉट किंवा शेत घेणाऱ्यांसाठी, आणि वाटणीत आलेल्या जमिनीचं काय करता येईल हे चाचपणाऱ्यांसाठी हे लिहितोय. वकील आणि आर्किटेक्ट लागतातच. पण त्यांच्याकडे जाताना कुठले कागद हातात असावेत आणि त्यांत काय शोधावं, हे आधी माहीत असलं तर पहिल्या दोन खेपा वाचतात.

पायरी १: जमीन कोणाच्या आराखड्यात आहे ते ठरवा

झोनिंगचं मूळ आहे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. त्याखाली तीन तऱ्हेच्या योजना होतात: मोठ्या प्रदेशासाठी प्रादेशिक योजना (आरपी), शहरासाठी विकास योजना (डीपी) आणि एखाद्या ठरावीक भागातल्या जमिनींची पुनर्रचना करून नव्याने प्लॉट पाडणारी नगररचना योजना (टीपी स्कीम). महापालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत बहुतेक वेळा डीपी बघायचा. त्याबाहेरच्या गावात आरपी, नाहीतर पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यासारख्या प्राधिकरणाचा आराखडा. एमआयडीसी, सिडको यांच्या क्षेत्रांचा कारभार पुन्हा वेगळा.

हे सोपं वाटतं, पण शहरं वाढतात तिथे गोंधळ होतो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं आली. त्या तेवीस गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून मात्र सरकारने पीएमआरडीएला नेमलं. म्हणजे कचरा उचलणारी महापालिका आणि आराखड्याचं उत्तर देणारं कार्यालय दुसरंच. तेव्हा घरपट्टीची पावती बघून अंदाज बांधू नका. जिथे चौकशी कराल तिथे पहिला प्रश्न हाच टाका: या गावासाठी आज नियोजन प्राधिकरण कोण, आणि आज लागू असलेली मंजूर योजना कोणती?

ग्रामपंचायतीचं नाहरकत पत्र दाखवून कुणी "सगळं क्लिअर आहे" म्हणालं, तर ते पत्र फाइलला लावा आणि पुढच्या पायरीला लागा. त्या पत्राने झोन ठरत नाही.

पायरी २: नंबर जुळवा

सातबाऱ्यावर झोन नसतो. मालक कोण, क्षेत्र किती, पीक काय, बोजा कोणाचा, एवढं तो सांगतो. आपल्याला त्यातून हवा आहे तो गट नंबर किंवा सर्व्हे नंबर. शहरात प्रॉपर्टी कार्डावरचा सिटी सर्व्हे नंबर.

गोची अशी, की डीपीच्या नकाशात बऱ्याचदा नुसती मूळ सर्व्हे नंबरची बाह्यरेषा असते. सातबाऱ्यावर ११२/३/अ असतं आणि नकाशावर फक्त ११२. अकरा एकरांच्या ११२ मध्ये तुमचे अकरा गुंठे नेमके कुठे, ते नकाशाला माहीत नसतं. आमच्याच घरात हे झालं. दाखल्यावर "भागशः रहिवास, भागशः शेती" असं लिहिलेलं. जागा दाखवणाऱ्याने रस्त्याकडची बाजू दाखवली, तीच आपली असं सगळ्यांनी धरलं. मोजणी झाली तेव्हा आमचा हिस्सा मागच्या अंगाला निघाला, अख्खा हिरव्यात. कोणी फसवलं असंही म्हणता येईना. कागदावर "भागशः" स्पष्ट लिहिलं होतं, आम्हीच ते वाचून पुढे गेलो होतो.

म्हणून पोटहिस्सा घेत असाल तर भूमि अभिलेख कार्यालयाकडून झालेल्या मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणी नकाशाची प्रत, मागा. विक्रेत्याकडे नसेल तर मोजणी त्याने करून द्यावी अशी अट घाला. मोजणीला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि विक्रेते इथेच कुरकुरतात. तरी ही अट सोडू नका.

पायरी ३: झोन दाखला आणि भाग नकाशा, दोन्ही काढा

नियोजन प्राधिकरणाच्या नगररचना विभागात अर्ज करून ही दोन कागदपत्रं मिळतात. प्रादेशिक योजनेतल्या गावासाठी जिल्ह्याच्या नगररचना शाखा कार्यालयात जायचं. अनेक महापालिकांनी अर्ज ऑनलाइन घेतले आहेत. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली या सेवांना मुदत ठरलेली असते. ती कार्यालयातल्या फलकावर किंवा संकेतस्थळावर बघून घ्या आणि अर्जाची पोच सांभाळा.

दाखला म्हणजे शब्दांत दिलेलं उत्तर. भाग नकाशा म्हणजे मंजूर नकाशातला तुमच्या गटाभोवतीचा तुकडा. लोक दाखला घेतात आणि नकाशा सोडून देतात. मी उलटं सांगेन: एकच परवडत असेल तर नकाशा घ्या. शेजारच्या गटात काय आहे ते दाखल्यात येत नाही, नकाशात येतं. शेजारी स्मशानभूमीचं किंवा कचरा प्रकल्पाचं आरक्षण असेल तर घेण्यापूर्वीच कळलेलं बरं.

दाखल्याचा मजकूर साधारण असा असतो: "मौजे अमुक येथील गट क्र. ११२ हा मंजूर विकास योजनेनुसार भागशः रहिवास विभागात, भागशः शेती विभागात समाविष्ट असून, १८ मी. रुंद नियोजित रस्त्याने बाधित आहे." या एका वाक्यात चार शब्द पेन्सिलीने गोल करून ठेवा.

"मंजूर" असं लिहिलंय की "प्रारूप"? त्यावर पुढे येतोच.

"भागशः". किती भाग? दाखला सहसा आकडा देत नाही.

"नियोजित". रस्ता जागेवर नाही, कागदावर आहे. विक्रेता याच रस्त्याला "फ्रंट" म्हणून विकतो. तो रस्ता होईपर्यंत तुमची वहिवाट कुठून, हा प्रश्न वेगळा, आणि परवानगी मागताना तोच आधी विचारला जातो.

"बाधित". हा सगळ्यात महागडा शब्द. रस्त्याखाली किंवा आरक्षणाखाली जाणारं क्षेत्र म्हणजे बाधित क्षेत्र. त्याचा मोबदला पैशांत, टीडीआरमध्ये (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआयच्या (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं त्याचा आकडा) रूपाने मिळू शकतो, पण तेवढ्या जागेवर तुमचं घर होणार नाही. वीस गुंठ्यांचे पैसे मोजून चौदा गुंठ्यांवर बांधणारे लोक असतात.

अर्जात नुसतं "झोन दाखला मिळावा" लिहिलंत तर उत्तरही तेवढंच येईल. मोजणी नकाशाची प्रत जोडा, त्यावर तुमचा हिस्सा रंगवा आणि मुद्दे वेगळे मांडा: मंजूर योजनेनुसार या रंगवलेल्या भागाचा विभाग कोणता, त्यावर आरक्षण, रस्ता किंवा रस्तारुंदी आहे का, एमआरटीपीच्या कलम ३७ खाली फेरबदलाची कार्यवाही चालू आहे का, नवीन प्रारूप योजना प्रसिद्ध झाली असल्यास तिच्यात काय दाखवलं आहे. सगळ्याची उत्तरं मिळतीलच असं नाही. पण जे मिळेल ते लेखी मिळेल, तारखेसह. टेबलापलीकडून आलेल्या "होऊन जाईल"ला तारीख नसते.

पायरी ४: नकाशा बघताना रेघेची जाडी विसरू नका

सूची आधी वाचा. रहिवासाला पिवळा, व्यापाराला निळा, उद्योगाला जांभळा, शेतीला हिरवा हे ढोबळ संकेत ठीक आहेत, पण झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये हिरवा आणि निळा एकच होतो. रंगीत, शिक्का असलेली प्रत घ्या.

नंतर प्रमाण बघा. नकाशा १:१०,००० चा असेल तर कागदावरची अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर पाच मीटर होते. तीस मीटर दर्शनी रुंदीच्या प्लॉटला ही रेघ इकडे की तिकडे यावर दीडशे चौरस मीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ दीड गुंठा. झोनची हद्द तुमच्या प्लॉटमधून किंवा काठावरून जात असेल तर डोळ्यांनी निकाल लावू नका. प्राधिकरणाकडून जागेवर आखणी करून घ्या. रस्त्याच्या बाबतीत तर नक्कीच.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या केएमएल (डिजिटल नकाशाच्या) फायली, गुगल अर्थवर चढवलेले डीपी, झोन दाखवणारी अॅप्स हे सगळं पहिल्या नजरेला उपयोगी आहे. मीही वापरतो. दहा प्लॉटमधले सात तिथेच बाद होतात आणि खेपा वाचतात. पण कुणीतरी हाताने जुळवलेला नकाशा चार-पाच मीटर सरकलेला असणं ही रोजचीच गोष्ट. उरलेल्या तिनांसाठी कार्यालयाचाच कागद हवा.

पायरी ५: रंगापुढचा नियम वाचा

झोन म्हणजे नुसतं नाव. त्यात काय चालतं, किती चालतं हे विकास नियंत्रण नियमावली सांगते. पूर्वी जवळजवळ प्रत्येक शहराची आपली नियमावली होती आणि शेजारच्या दोन नगरपरिषदांत एकाच शब्दाचे दोन अर्थ लागत. डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, राज्याच्या बहुतेक भागाला लागू झाली. बृहन्मुंबई त्यात नाही, तिथे २०३४ च्या विकास आराखड्याची स्वतःची नियमावली आहे. एमआयडीसी आणि इतर काही क्षेत्रंही वगळलेली आहेत. हे एकत्रीकरण चांगलंच झालं. मात्र तेव्हापासून तिच्यात दुरुस्त्या, शुद्धिपत्रकं, स्पष्टीकरणं येत राहिली आहेत, त्यामुळे डाउनलोड केलेल्या प्रतीवरची तारीख बघितल्याशिवाय तिच्यातला आकडा कुणाला सांगू नका.

नवख्याने सगळी नियमावली वाचायची गरज नाही. आपल्या विभागात अनुज्ञेय वापरांची यादी, समोरच्या रस्त्याची किमान रुंदी, सामासिक अंतरं (बांधकामाभोवती मोकळी सोडायची जागा) आणि एफएसआयचा तक्ता, एवढं आधी बघा. रस्त्याची रुंदी या सगळ्याची किल्ली आहे. रहिवासी विभागातसुद्धा दुकान, दवाखाना, क्लास काढता येईल का हे बरंचसं समोरचा रस्ता किती रुंद आहे त्यावर ठरतं. दोन प्लॉट एकाच पिवळ्यात, एकाच आकाराचे. एक सहा मीटरच्या बोळात, दुसरा अठरा मीटरच्या रस्त्यावर. कागदावर झोन एक, हातात पडतं ते वेगळं.

हिरव्याबद्दलही एक गैरसमज आहे, दोन्ही बाजूंनी. "शेती झोनमध्ये काहीच होत नाही" हे चूक. शेतघर (किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमिनीवर), शेतीपूरक उद्योग आणि नियमावलीने यादीत दिलेले आणखी बरेच वापर अटींसह चालतात. पण त्या यादीत गुंठा-गुंठ्याचे प्लॉट पाडून बंगले बांधणं येत नाही. नोटरी करून विकलेले असे तुकडे गावोगाव आहेत. गुंठेवारी अधिनियम २००१ मध्ये आला आणि त्याची मुदत नंतर वाढवली गेली, त्यामुळे "पुढे नियमित होतंच" हा विश्वास लोकांच्या मनात पक्का बसलाय. त्या विश्वासावर आयुष्याची पुंजी लावू नये असं माझं मत आहे.

मध्येच एनएबद्दल

एनए आणि झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एनए, म्हणजे अकृषिक वापर, ही महसूल खात्याची बाब. जमीन महसूल संहिता, १९६६ मधली. झोन नगररचनेचा. एनएचे नियम अलीकडच्या काळात बरेच सैल झाले आहेत, पण ते महसुलाच्या बाजूने. म्हणून "आता एनए लागतच नाही" हे ऐकलंत तर त्याचा अर्थ "आता झोन बघावा लागत नाही" असा घेऊ नका. आणि "एनए प्लॉट" असा फलक दिसला तर कोणत्या वापरासाठी एनए, मंजूर रेखांकन (लेआउट) कुठे आहे, ते मागा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचं प्लॉटिंग असेल तर महारेराचा (बांधकाम आणि प्लॉटिंगच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांकही मागा. तिथे मंजूर नकाशा बघायला मिळतो.

पायरी ६: आराखड्याचं वय विचारा

झोन बदलतो. कसा बदलतो हे कळलं की बाजारातल्या अर्ध्या अफवा आपोआप गळतात.

आधी इरादा जाहीर होतो, मग विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. मग प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. नियोजन समिती सुनावणी घेते, योजना सरकारकडे जाते आणि सरकार ती मंजूर करते. बऱ्याचदा तुकड्यातुकड्यांनी, काही भाग बाजूला ठेवून. बाजूला ठेवलेल्या त्या भागांना ईपी म्हणतात. तुमचा गट ईपीमध्ये असेल तर छापील नकाशातला रंग अंतिम धरता येत नाही.

प्रारूप किती बदलू शकतं याचं ढळढळीत उदाहरण मुंबईचं. २०३४ चा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो नव्याने करायला सांगितला. सुधारित प्रारूप २०१६ ला आलं आणि मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली. पहिल्या नकाशातला रंग बघून कुणी व्यवहार केला असेल तर त्याने काय विकत घेतलं? तरीही प्रारूपाकडे काणाडोळा करता येत नाही. कलम ४६ प्रमाणे परवानगी देताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूपाचाही विचार करावा लागतो. जुन्या मंजूर आराखड्यात चालणारी आणि नव्या प्रारूपात रस्त्याखाली गेलेली जमीन बहुतेक वेळा तिथेच अडकून बसते.

कायद्याने विकास योजनेचं पुनरावलोकन वीस वर्षांनी व्हायला हवं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ चा, त्यानंतरचा मंजूर झाला २०१७ मध्ये. मधल्या दिरंगाईत आरक्षणं तशीच पडून राहतात, म्हणून कलम १२७ आहे: अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. "एकशे सत्तावीस टाकलंय, आरक्षण उठलंच समजा" असं कुणी म्हणालं तर नोटिशीची पोच आणि आरक्षण व्यपगत झाल्याची राजपत्रातली अधिसूचना मागा. नोटीस टाकणं आणि आरक्षण उठणं यांत बऱ्याचदा कोर्टाच्या तारखा असतात.

कलम ३७ खालचे फेरबदल, म्हणजे एखाद्याच जमिनीचा झोन बदलणं, हेही होतात. त्यांची सूचना निघते, हरकती मागवतात, शेवटी अधिसूचना निघते. अधिसूचना हातात नसेल तर बदल झालेला नाही, फाइल कितीही वरपर्यंत गेलेली असली तरी.

पायरी ७: आराखड्याबाहेरच्या रेषा

झोनच्या दाखल्यात या रेषा येतातच असं नाही, त्यामुळे वेगळ्या विचारा. नदीकाठी पूररेषा: निळी सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम जवळपास बंद, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींवर. डोंगरावर उतार बघा. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. समुद्र-खाडीजवळ सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्र. विमानतळाभोवती उंचीची मर्यादा. उच्चदाब वीजवाहिनी, रेल्वे, महामार्ग, संरक्षण खात्याची आस्थापनं यांची अंतरं आपापली. घाटमाथ्यावर पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र. आपल्या प्लॉटला यांतलं एखाददुसरंच लागू असतं, पण ते कोणतं हे जागेवर उभं राहून चारी बाजूंना बघितलं की बहुधा दिसतं.

अडलं तर

दाखला आणि नकाशा एकमेकांशी जुळत नसतील तर भांडू नका, लेखी अभिप्राय मागा: दोन्हींच्या प्रती जोडून, विसंगती एका ओळीत लिहून. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांच्या अर्जावर, मूळ मंजूर नकाशाचा भाग, त्यासोबतची अधिसूचना आणि अहवालातलं संबंधित पान मागा. "माझा झोन काय?" असा प्रश्न त्या अर्जात विचारू नका; तिथे मत मिळत नाही, कागद मिळतो. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील.

गावाचा नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला असेल तर जाहिरातीतली हरकतींची मुदत कॅलेंडरवर लिहा. हरकतीत गट नंबर, नकाशाचा पत्रक क्रमांक, चूक काय आणि तिथे काय हवं, एवढंच. सर्वपक्षीय छापील निवेदनावर सह्या करून लोक घरी जातात; पण समितीपुढे सुनावणीला हातात भाग नकाशा घेऊन उभा राहणारा माणूस सहसा ऐकून घेतला जातो.

विसार देण्याआधी

वर्षभरापूर्वीचा दाखला चालवू नका, ताजा काढा, आणि विसाराच्या पावतीतच लिहून घ्या: विक्री होत असलेल्या मोजलेल्या भागाचा विभाग कोणता, बाधित क्षेत्र किती, आणि खरेदीखतापूर्वी त्यात फरक निघाला तर विसार किती दिवसांत परत. "बाधित क्षेत्र शून्य" एवढे तीन शब्द लिहायला विक्रेता तयार नसेल, तर भाग नकाशा पुन्हा एकदा उजेडात धरून बघा.